आधी ड्रायव्हर, मग गाडी

रत्नागिरीत मला उभं केलं ते शेट्येबाईंनी. हे आधीच लिहून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, हा खाल्ल्या घरचे वासे मोजतोय. मोजतोय हे खरं. पण खाल्लंय हेही खरं, आणि पोटभर खाल्लंय.

जगात माणसं आधी गाडी घेतात आणि मग ड्रायव्हर ठेवतात. बाईंनी आधी ड्रायव्हर ठेवला. तो मी. गाडी त्यानंतर तीन पावसाळे आली नाही. मासळी बाजारात कुणी विचारायचं, "काय रे, हल्ली कुठे असतोस?"

"शेट्येबाईंकडे. ड्रायव्हर आहे."

"अरे वा! कुठली गाडी?"

"अजून ठरायचंय."

लोक हसायचे. मीही हसायचो, पण आतून धाकधूक असायची. मला घाबरायला तसं फार कारण लागत नाही. इथे तर कारण ढळढळीत समोर होतं. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला, असा साधा विचार एखाद्या सकाळी बाईंच्या डोक्यात आला की माझी पिशवी भरली!

तो विचार आला नाही, कारण बाईंच्या डोक्यात जागाच नव्हती. ती सगळी गाडीने अडवली होती. मोठी घ्यावी की छोटी? मोठी म्हणजे सेडान. पांढरी, लांबलचक, मागे ऐसपैस डिकी, एखाद्या तालुक्याच्या साहेबासारखी सावकाश वळणारी. छोटी म्हणजे स्पोर्टी. लाल, बुटकी, चिडलेल्या कुर्लीसारखी डोळे वटारून उभी. दोन्हींची चित्रं बाईंनी देव्हाऱ्याशेजारी भिंतीला लावली होती. रोज देवांना फूल वाहताना एक नजर उजवीकडे जायची, एक डावीकडे.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. घरच्या फोनवरून थेट मुंबई लागायला लागली, त्याच्या आधीचे दिवस. डोक्याला हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या, आणि रत्नागिरीतली सगळी बारशी-लग्नं-मयतं बाईंच्या बोटांतून पार व्हायची. "मी कधी कुणाचं ऐकलं नाही," असं त्या ठासून सांगतात. "ऐकू यायचं, ती गोष्ट वेगळी."

निवृत्त होऊन जमाना झाला, पण बाई अजून बोर्डवरून उठलेल्या नाहीत. जेवताना दूधवाल्याने हाक मारली की आतून ओरडतात, "एंगेज!" कुणाचं म्हणणं पटलं नाही तर, "लाइन क्लिअर नाही." आणि समोरचा फार बोलायला लागला की, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं असेल तर सांगा." ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा म्हणे, आणि मग ऑपरेटरने मधे येऊन विचारायचं, वाढवू का? बाई आजही विचारतात. भटजींना पूजेच्या मधेच विचारलेलं मी पाहिलंय.

शहरातल्या जुन्या माणसांना नावं असतात हे तर बाईंना मान्यच नाही. "दोनशे चौदांच्या सुनेला मुलगा झाला." "एकसष्ट गेले रे परवा. फार हळू बोलायचे, बिचारे." नवीन होतो तेव्हा मला वाटलं, बाई मटका लावतात. मग कळलं, हे त्या त्या घरांचे जुने फोन नंबर. माझी ओळख करून देताना मात्र त्यांची पंचाईत व्हायची. शेवटी त्यांनी मार्ग काढला. "हे नवीन कनेक्शन आहे. हिंगोलीकडचं."

हिंगोलीकडचा मी इथे कसा, ते सांगतो. आठवीत शाळा सोडली. शाळेलाही फार वाईट वाटलं नसावं. इकडे आलो तो आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून, आणि हंगाम संपता संपता तापाने आडवा झालो. ज्याची पिकअप होती त्याने मला सरकारी दवाखान्यात आणून खाटेवर नीट निजवलं, पांघरूण घातलं, "आलोच" म्हणाला, आणि गेला. अजून यायचाय.

बाई तिथे रक्तदाब तपासायला आल्या होत्या. तपासून झाल्यावर त्या लगेच घरी जात नाहीत. वॉर्डातून एक फेरी मारतात, डॉक्टरांपेक्षा सावकाश. माझ्या खाटेपाशी थांबल्या.

"घरी कळवलंस?"

"फोन बंद पडलाय, बाई."

"नंबर पाठ आहे?"

आयुष्यात मला पाठ झालेली तेवढी एकच गोष्ट. मी आईचा नंबर सांगितला. बाईंनी स्वतःच्या फोनवरून लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर म्हणाल्या, "रत्नागिरीहून बोलतेय. मुलगा बरा आहे. बोला." फोन माझ्या हातात दिला आणि पाठ करून खिडकीशी उभ्या राहिल्या. आपण ऐकत नाही हे दाखवायची ती त्यांची पद्धत. मी आईशी काय बोललो ते आठवत नाही. रडलोच जास्त. तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती, पण त्या दिवशी बाईंनी हटकलं नाही.

मला दवाखान्यातून सोडायच्या दिवशी बाई परत हजर. "लायसन आहे ना तुझ्याकडे? मग चल. मला ड्रायव्हर हवाच आहे. गाडी घेतेय मी."

'घेतेय' म्हटल्यावर मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत येईल.

पडवीच्या टोकाची खोली मला मिळाली. गाडी येईपर्यंत मी माडांना पाणी घालायचं, मासे आणायचे, नारळ सोलायचे. हंगामात कुणाची पिकअप चालवून यायचं. आणि रविवारी सकाळी, घावणे खाऊन झाले की, दोन फोन. पहिला माझा, हिंगोलीला. त्यात चुकारपणा चालत नसे. आधी बाई आईशी बोलायच्या, "पोरगा बरा आहे, भात खायला शिकलाय," आणि मग मला लाइन द्यायच्या. दुसरा फोन पुण्याहून यायचा. संदीपदादांचा.

संदीपदादा म्हणजे बाईंच्या भावाचा मुलगा. बाईंनी लग्न केलं नाही. "आमची लाइनच लागली नाही," इतकंच त्या म्हणतात, आणि पुढचं विचारलं तर एंगेज होतात. संदीपदादा राजापुराकडच्या त्यांच्या गावाहून शिकायला म्हणून इथे बाईंकडे आले, बारावीपर्यंत राहिले, मग इंजिनीअर होऊन पुण्याला गेले ते तिकडचेच झाले. त्यांचं आत्यावर प्रेम होतं. पुण्याच्या माणसाकडे वेळ असतो तितकं होतं.

या रविवारच्या फोनवर गाडीचं ठरायचं. म्हणजे ठरायचं नाही. फोन स्पीकरवर, बाई झोपाळ्यावर, मी पायरीवर नारळ घेऊन.

"आत्या, सेडान घे. सेफ असते. वयाला शोभते."

"माझ्या वयाला काय धाड भरलीय? मला ती लाल हवी. काय पिकअप आहे तिला! भाट्याच्या पुलावर आम्ही मोटारसायकलवाल्या पोरांना मागे टाकलं."

टाकलं म्हणजे मी टाकलं, टेस्ट ड्राइव्हला. बाई शेजारी छत्री उराशी धरून ओरडत होत्या, "अजून! अजून दाब रे मेल्या!" मागच्या सीटवर शोरूमचा टायवाला माणूस डोळे मिटून बसला होता. तो प्रार्थना करत असावा.

दोन-तीन रविवार असे गेले की संदीपदादा हात टेकायचे. "बरं आत्या, घे तुझी लाल. तुझी हौस ना? घे."

मी पायरीवर ताठ बसायचो. मनात शर्टाला इस्त्री करायला घ्यायचो. आणि झोपाळ्याची करकर थांबायची.

"पण काय रे संदीप, तिला डिकी नाही."

"अगं, तूच म्हणत होतीस ना—"

"तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. गावाहून तांदूळ आणायचे म्हटलं तर कुठे ठेवू? फणस कुठे ठेवू?"

मग महिनाभर फणस चालायचा. महिन्याने संदीपदादा म्हणायचे, "म्हणजे सेडानच. मी पहिल्यापासून सांगतोय." की बाई लगेच, "एवढं लांब धूड आपल्या अरुंद पाणंदीत वळणार कसं? लोकांचे दगडी गडगे पाडत जाऊ?" की परत लाल. लाल झाली की परत फणस.

संदीपदादा इंजिनीअर. त्यांना वाटायचं, दोन गाड्यांचे गुण-दोष समोरासमोर मांडले की माणसाला एक निवडता येते. त्यांनी पुण्याहून तक्ते पाठवले. एअरबॅगा किती, लिटरला पळते किती, डिकीत मावतं किती. बाईंनी ते मोठ्या कौतुकाने शेजारी दाखवले आणि पुढच्या रविवारी विचारलं, "सगळं आहे रे, पण हॉर्नचा आवाज कसा आहे ते नाही लिहिलंस." पुढचे दोन रविवार हॉर्नवर गेले.

माझ्या मनात तेव्हा काय यायचं ते खोटं कशाला सांगू? मला वाटायचं, देवाने या बाईंना घर दिलं, पेन्शन दिली, तब्येत दिली, फक्त मन द्यायचं राहिलं, म्हणून ते अजून वाटेत आहे.

मिरजोळ्याकडच्या शोरूममध्ये तर आमचं नाव निघालं की माणसं चहाला जायची. एकदा बाई घरून अख्खा फणस घेऊन गेल्या. रिक्षातून. डिकीची परीक्षा घ्यायला. चकचकीत फरशीवर तो काटेरी फणस, त्याला वाकून बघणारे टायवाले, आणि बाई सांगतायत, "आडवा नको, उभा ठेवा. आडवा गडगडतो." सेडानमध्ये मावला. लालमध्ये मागची सीट पाडल्यावर मावला. बाईंनी दोन्ही डिक्या हाताने थोपटल्या आणि म्हणाल्या, "विचार करून सांगते." जाताना फणस तिथेच दिला. तेवढ्यासाठी त्या लोकांनी आम्हाला पुढेही येऊ दिलं असावं.

असं चाललेलं कायम चाललं असतं. पण गेल्या साली एका रविवारी संदीपदादांचा आवाज निराळा लागला. थकलेला.

"आत्या, आता पुरे. तीन वर्षं आपण दुसरं काही बोललेलो नाही. या महिन्यात काय ते ठरव, नाहीतर गाडी नकोच. रिक्षा आहेत, एसटी आहे. आणि त्या ड्रायव्हरला तरी किती दिवस नारळ सोलायला ठेवणार आहेस? त्याला जाऊ दे कुठे तरी कामाला. मलाही नवीन प्रोजेक्ट आहे, दर रविवारी हे डोकं लावायला जमणार नाही."

माझ्या हातातला नारळ पायऱ्या उतरून अंगणात गेला. हिंगोलीला आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

तीन वर्षांत पहिल्यांदा बाईंना फणस आठवला नाही. मग म्हणाल्या, "देवाला विचारते. गावी जाऊन कौल लावते. देव सांगेल ते."

संदीपदादांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण तक्त्यांवरचाही उडाला होता. "चालेल. मला व्हिडिओ कॉलवर घ्या."

आम्ही एसटीने राजापूरला आणि तिथून दुसऱ्या एसटीने गावी गेलो. लांजा गेलं तरी बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी शेजारी बसून सेडानचा आणि लालचा आळीपाळीने नवस बोलत होतो. कुठली का येईना, येऊ दे.

कौल हा प्रकार आमच्याकडे नाही. इथे गावच्या देवाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे तुमचा प्रश्न सांगतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. देऊळ लहान, जांभ्या दगडाचं. वाडीतली चार-पाच माणसं कुणी न बोलावता आलेली. मी फोन देवाकडे धरून उभा, फोनमध्ये पुण्याचे संदीपदादा.

"बोला बाई," गुरव म्हणाला, "काय इचारायचा देवाला?"

बाईंनी फोनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग पुढे होऊन गुरवाच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. बराच वेळ. गुरवाने मान हलवली आणि देवाकडे वळला.

इथे बाईंचं चुकलं. जन्मभर एक्स्चेंजात बसलेलं माणूस. त्यांना वाटलं, कानात सांगितलं की ते पलीकडच्याच्याच कानात जातं. पण गुरव म्हणजे एक्स्चेंज नव्हे. गुरवाच्या कानात जे जातं ते तोंडावाटे अख्ख्या वाडीला ऐकू येतं, कारण देवाला हळू बोललेलं चालत नाही.

"बा देवा म्हाराजा!" गुरवाने आवाज लावला.

"व्हय म्हाराजा!" माणसांनी साथ दिली.

"ही शेट्यांची लेक आज तुज्या पायाशी आलीय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिला गाडी घ्यायची हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाडी मोटी का धाकटी, त्याचा तिला काय एक पडलेला नाय म्हाराजा!"

इथे "व्हय म्हाराजा" जरा अडखळत आलं. बाई गुरवाला हाताने थांबवायला बघत होत्या, पण गाऱ्हाणं घालताना गुरव मागे बघत नाही.

"पर गाडी घेतली का इषय संपला, आनि इषय संपला का पुन्याच्या पोराचा फोन बंद व्हईल, असा भ्याव तिच्या मनात हाय म्हाराजा! तर गाडी घेतल्यावर पन पोराचा फोन येत ऱ्हानार असंल, तर उजवा कौल दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. बाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या देवाकडे नाही, खाली फरशीकडे बघत होत्या. मला तो फणस आठवला. ती पाणंद. तो हॉर्न. मन वाटेत आहे म्हणून मी ज्यांना हसत होतो त्या बाई.

पाकळ्या हलेनात. दोन्ही तशाच. मग माझ्या हातातून आवाज आला.

"गुरवकाका, देवाला कशाला विचारताय? मी सांगतो ना..."

"तू मधे बोलू नकोस, संदीप," बाई फरशीकडे बघतच म्हणाल्या. "लाइनवर देव आहे."

आम्ही सगळे थांबलो. संदीपदादाही थांबले. आणि मग उजवीकडची पाकळी सुटली, घसरली आणि देवाच्या पायाशी पडली.

"उजवा दिलान!" गुरव म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. माझ्या हातातून फोन घेतला. पलीकडे संदीपदादांचं तोंड दिसत होतं.

"तीन मिनिटं झाली असतील," बाई म्हणाल्या. "ठेव आता. तुला कामं असतील."

"वाढव, आत्या," संदीपदादा म्हणाले.

बाईंनी पाठ केली आणि फोन घेऊन देवळाबाहेर चाफ्याखाली गेल्या. मी आणि गुरव दुसरीकडे बघत उभे राहिलो. ऐकू यायचं ते येत होतं.

परतीच्या एसटीत राजापूर सुटल्यावर बाई म्हणाल्या, "लालच घेऊ."

"दादा म्हणतील, डिकी नाही."

"म्हणू दे की."

गाडी आणायला संदीपदादा पुण्याहून रजा काढून आले. उंच माणूस. पुढे बाई, मांडीवर पूजेचा नारळ, आणि मागे संदीपदादा, घडी घालून ठेवल्यासारखे. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडायच्या आत सुरू झाले.

"बघ आत्या, माझे गुडघे बघ कुठे आलेत! सेडान घेतली असतीस तर माणूस सरळ तरी बसला असता."

"बोल, बोल," बाई म्हणाल्या. तिरक्या नजरेने मला त्यांचं तोंड दिसत होतं. इतका आनंद मी त्या तोंडावर भाट्याच्या पुलावरही पाहिला नव्हता.

मी सवयीने गाडी दाबली. एवढी तीन वर्षं पिकअप-पिकअप ऐकलेलं. तर बाईंनी माझ्या हाताला हळूच बोट लावलं, आणि मागे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "हळू चालव रे." घर आलं तसं पुढे हात दाखवला. सरळ. आम्ही भाट्यापर्यंत जाऊन आलो, सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते, आणि संदीपदादा सगळी वाट गुडघ्यांबद्दल बोलत होते.

आता रविवारी फोन येतो. सध्या सीट कव्हरवर चाललंय. कापडी की रेक्झिन. मला घाई नाही. मला गाडी आहे.

पहिला फोन अजून माझाच असतो. आईचा फोन बटणांचा, त्यात तोंड दिसत नाही. ती दर वेळी मला विचारते, "त्या बाई दिसायला कशा हायत रे?" मी सांगतो, चष्मा आहे, उंचीला बेताच्या आहेत, बोलतात फार. आईला पटत नाही. तिच्या मनात त्या खूप उंच आहेत. आणि बाई मला विचारतात, "तुझी आई हसते तेव्हा मधेच थांबते का रे? तोंडावर हात घेत असेल." घेते.

बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडून दिल्या, पण पलीकडच्या टोकाचं माणूस त्यांना कधी बघायला मिळालं नाही. ते मी दाखवणार आहे. एक दिवस याच लाल गाडीतून, आंबा घाट चढून, बाईंना हिंगोलीला नेणार आहे, आमच्या दारात गाडी उभी करणार आहे आणि आईला म्हणणार आहे, "रत्नागिरीहून आल्यात. बोल." माझ्याकडून फेडायचं ते एवढंच जमण्यासारखं आहे, आणि ते मी फेडणार.

बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर फणस कापा न्यायचा की बरका, हे ठरायला तीन पावसाळे जातील.